तीन कंपन्या, एक खांब

मृगाच्या तोंडावर सौसर तालुक्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात जाऊन उभं राहावं. काउंटरमागे कपाशीच्या बियाण्याची पाकिटं छतापर्यंत रचलेली असतात. एकावर वाघ, दुसऱ्यावर मुकुट, तिसऱ्यावर मिशीला पीळ देणारा शेतकरी; बोंड मात्र सगळ्यांवर नारळाएवढं. गिऱ्हाईक तासभर पाकिटं उलटसुलट करतं, मागच्या साली कोणी काय लावलं याची चौकशी करतं, चहा घेतं आणि मोठा निर्णय केल्याच्या थाटात दोन पाकिटं उचलतं. वाण वेगवेगळे असतात, खोटं कशाला बोला. पण बोंडअळीशी लढणारं आतलं सामान 2006 नंतर बहुतेकांत तेच, बीजी-टू. निवडल्याचं समाधान वेगळं आणि निवड वेगळी.

मोहगावात घरचं इंटरनेट घेणं याच जातीचं आहे. फरक एवढाच, की इथे पाकिटं तीन.

मोहगाव कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. नागपूरहून सावनेर, सावनेरहून सौसर आणि सौसरच्या जवळच आम्ही. नदीकाठच्या अर्धनारीश्वराच्या देवळासाठी लोक येतात. देव अर्धा शंकर आणि अर्धी पार्वती, तशी गावाचीही वाटणी झालेली आहे: कारभार हिंदीत, संसार मराठीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. ऑक्टोबर 2023 मध्ये जिल्हाही बदलला. छिंदवाडा जाऊन पांढुर्णा आला. पण सोयरीक, मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांसाठी गाडी कायम नागपूरच्याच दिशेने धावत राहिली.

ही गोष्ट टेलिफोनवाल्यांना कोणी कळवली नाही. त्यांच्या नकाशात आम्ही मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कलमध्ये येतो. म्हणजे बस्तर आमचं घरचं आणि सावनेर परमुलूख. रोमिंगचे पैसे लागत तेव्हा सावनेरच्या अलीकडे बसमधली अर्धी माणसं मोबाइल बंद करून खिशात ठेवत. लेक सावनेरला दिलेल्या बापाने मिस्ड कॉलची एक स्वतंत्र लिपी तयार केली होती. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे बस चुकली, तीन म्हणजे जावयाला स्टँडवर पाठव. पुढे रोमिंग गेलं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी 2011 पासून देशभर मिळाली आणि जुलै 2015 पासून सर्कल ओलांडूनही. त्यामुळे मोबाइलच्या बाबतीत मोहगावचा माणूस आज राजा आहे. एका कंपनीवर रुसला की दुकानात जाऊन दुसरीच्या घरात नांदायला जातो.

घरची तार मात्र पोर्ट होत नाही. ती जिथून आली तिथून आली.

आमच्या मोहल्ल्यात कंपन्यांची नावं कोणी घेत नाही. जमिनीतला, खांबावरचा आणि हवेतला, अशी त्यांची ओळख आहे. नवीन भाडेकरू आला की घरमालक नळाची वेळ सांगतो, कचऱ्याच्या गाडीची वेळ सांगतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, ‘‘नेट कोणतं घेता, जमिनीतलं का खांबावरचं?’’

जमिनीतला हा खानदानी. त्याची केबल मोठ्या रस्त्याच्या कडेने तीन फूट खोल आली आहे, असं त्याचा माणूस छाती पुढे काढून सांगतो. ती खरोखरच खोल आहे, पण चौकापर्यंतच. चौकातून पुढे ती जमिनीतून वर येते आणि खांबावर चढते.

खांबावरचा म्हणजे आमचा जुना केबलवाला. नव्वदच्या दशकात यानेच गच्च्यांवरून काळ्या तारा ओढून गावाला संध्याकाळच्या मालिका दाखवल्या. पुढे सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, लोक छत्रीकडे गेले, मग मोबाइलकडे, तेव्हा त्याने त्याच गच्च्यांवरून काचेची तार टाकली. त्याची वसुली अजून महिन्याच्या 5 तारखेला, वहीवर आणि रोखीत. पावती मागितली तर तो दुखावतो. ‘‘काकाजी, आपल्यात पावती?’’ असं तो अशा सुरात म्हणतो, की आपणच त्याला उसने पैसे मागितल्यासारखं वाटतं.

हवेतला सगळ्यात नवा. याला खड्डा नाही, खांब नाही. गच्चीवर टॉवरकडे तोंड करून एक पांढरी डबी बसवली की झालं. अशी सेवा देशात 2023 मध्ये मोठ्या शहरांपासून सुरू झाली आणि यथावकाश आमच्याकडे पोचली. उन्हाळ्यात ती फार सुंदर चालते. मग पाऊस पडतो, समोरच्या वाड्यातल्या कडुनिंबाची पानं ओलीचिंब होतात आणि पाण्याने भरलेली ती पानं आमच्या वाट्याच्या लहरी पिऊन टाकतात. डबी बसवणाऱ्याने यावर दोन उपाय सुचवले: डबी आणखी उंच करा, नाहीतर झाड तोडा. शेजाऱ्याने तिसरा उपाय सुचवला, तो छापण्यासारखा नाही.

चौथा पर्याय कोणत्याही जाहिरातीत नसतो, पण वापर त्याचाच सर्वांत जास्त: शेजारचं वायफाय. त्याचा पासवर्ड हे मोहल्ल्यातल्या संबंधांचं बॅरोमीटर आहे. नातवाचं नाव आणि जन्मसाल असा पासवर्ड असेल तर घरोबा आहे. तो अचानक बदलला, तर सांडपाण्याच्या नालीवरून काहीतरी झालेलं आहे.

स्पीडबद्दल कोणी तक्रार केली, तर मी त्याला ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या ऐकवतो. 2004 च्या धोरणात ती सेकंदाला 256 किलोबिट होती. 2013 मध्ये 512 झाली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं देश तेवढ्यावरच ब्रॉडबँड म्हणवून घेत होता, आणि जानेवारी 2023 मध्ये व्याख्या 2 मेगाबिटवर गेली. तेव्हा मालिकेच्या ऐन रंगात नायिकेच्या चेहऱ्यावर ते गोल चक्र फिरू लागलं, तर निराश होऊ नये. व्याख्येच्या मानाने आपण अजून पुष्कळ पुढे असतो. हे ऐकून माणसाचा स्पीड वाढत नाही, पण तो माझ्याकडे तक्रार करायचं थांबवतो.

संध्याकाळी आठ ते दहा या वेळात स्पीड जातो कुठे, याचं उत्तरही चौकातल्या खांबावर आहे. तिथे एक काळी डबी लटकते. एका तंतूवरून आलेला प्रकाश तिच्यातला स्प्लिटर आठ, सोळा, बत्तीस घरांत वाटतो. दुपारी बत्तीसपैकी चार घरं जागी असतात, म्हणून दुपारी नेट पळतं. रात्री क्रिकेटचा सामना, दोन मालिका, एक ऑनलाइन शिकवणी आणि कोपऱ्यावरच्या पोट्ट्यांचा गेम एकाच वाटेने निघतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-बंगळुरूहून परतलेली पोरं या वाटणीचा पहिला बळी ठरली. गच्चीवर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून ‘‘कॅन यू हिअर मी?’’ म्हणणारा इंजिनिअर पाहून एका म्हातारीने त्याच्या आईला सांगितलं होतं, ‘‘बाई, पोराले एकडाव दाखवून दे कोणाले. एकटाच बोलते.’’

आता मुख्य गोष्ट. माणूस जरा शहाणा झाला, की दोन कनेक्शन घेतो. एक बंद पडलं तर दुसरं. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या आमच्या दुकानदाराने तर तिन्ही घेतली, कारण सरकारी योजनेतल्या बहिणींच्या केवायसीची रांग बाहेर लागलेली असताना नेट नाही म्हणणं जिवावर बेततं. मग एक दिवस नळाच्या पाइपलाइनसाठी जेसीबी आला, त्याने सोंड खाली घातली आणि वर काढली, तेव्हा दातांत मातीबरोबर केशरी नळी होती. जमिनीतला गेला. दोन मिनिटांत खांबावरचा गेला. मग हवेतलाही गेला. दुकानदार बाहेर येऊन आधी आकाशाकडे आणि मग जेसीबीकडे बघत राहिला.

कारण साधं आहे. खांबावरच्याने चौकापुढची तार स्वतःची टाकली, पण मोठ्या रस्त्यापासूनचा तंतू जमिनीतल्याकडूनच भाड्याने घेतलेला. हवेतल्याचा टॉवर हवेत असला, तरी टॉवरला इंटरनेट हवेतून मिळत नाही. त्याच्या पायथ्याशीही काचेची तारच येते, आणि ती त्याच रस्त्याने येते. तीन बिलं, तीन कस्टमर केअर, तीन रंगांचे राउटर आणि खड्डा एक.

खोदकामात केबल तुटू नये म्हणून सरकारने मार्च 2023 मध्ये एक अ‍ॅप काढलं. खोदण्याआधी त्यात कळवायचं, म्हणजे खाली काय गाडलं आहे ते संबंधितांकडून कळतं. कल्पना उत्तम आहे. आमच्या चौकात एवढीच अडचण, की अ‍ॅप उघडायला नेट लागतं, आणि नेट का नाही हे जेसीबीवाल्याने आधीच शोधून काढलेलं असतं.

यात आमच्या जेसीबीवाल्यानेही फार गर्व करू नये. 2011 साली जॉर्जिया देशात पंचाहत्तरीच्या एका आजीबाईंनी भंगारातलं तांबं शोधायला फावडं मारलं आणि शेजारच्या आर्मेनियाचं बहुतेक इंटरनेट काही तास बंद पडलं. एक म्हातारी, एक फावडं, एक देश. आणि वानरांना तर फावडंही लागत नाही. 2015 मध्ये वाराणसीत गंगेच्या काठाने टाकलेल्या केबल माकडांनी खाल्ल्याच्या बातम्या होत्या. आमच्या संत्र्यांच्या बागांतली वानरं अजून त्या थराला गेलेली नाहीत. संत्रं मिळत असताना काच कोण खाणार?

नेट गेलं की सुशिक्षित माणूस कस्टमर केअरला फोन करतो. ही अवस्था प्रत्येकाच्या आयुष्यात येते आणि निघून जाते. पलीकडून गोड आवाजात सांगतात, ‘‘सर, आपके एरिया में कोई समस्या दिखाई नहीं दे रही है.’’ त्यांना दिसत नाही, हे खरंच असतं. कारण दिसायला पाहिजे ती तार जेसीबीच्या दातांत असते. मग राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. आपण करतो. लाल दिवा लुकलुकत राहतो. तक्रार नोंदवली जाते, तिचा लांबलचक क्रमांक मेसेजने येतो आणि दुसऱ्या दिवशी, नेट बंदच असताना, समाधान झाल्याचा मेसेज येतो. तो वाचून समाधान किती झालं, हे पाच ताऱ्यांत सांगायचं असतं. ते सांगायला नेट लागतं.

अनुभवी माणूस यातलं काही करत नाही. तो सरळ पोट्ट्याला फोन लावतो.

पोट्टा म्हणजे लाइनचं काम करणारा मुलगा. वय बाविसेक, मोटरसायकलच्या हँडलला केबलचं वेटोळं, पाठीवर बॅग, कानाला कायम फोन. हा कंपनीचा नोकर नसतो. ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस असतो. कस्टमर केअरला जे दिसत नाही ते याला रस्त्यावरून जाताना दिसतं. कोणत्या घराची तार कोणत्या गच्चीवरून, कोणत्या चिंचेतून, कोणाच्या न्हाणीघराच्या खिडकीवरून गेली, हा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही.

त्या दिवशी तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. तुटलेल्या नळीचं वरचं आवरण त्याने ब्लेडने सोललं. आतून निळा, केशरी, हिरवा, तपकिरी असे रंगीत तंतू निघाले. एकेकाचा रंग खरवडून काढला की आत केसाएवढी काच राहते. जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि उजेड ज्यातून जातो तो गाभा त्याहूनही चौदापट बारीक. ती त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, चिमट्यासारख्या हत्यारात टक् करून सरळ कापली आणि मोटरसायकलच्या सीटवर ठेवलेल्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर मांडली. छोट्या पडद्यावर ती जाडजूड खांबांसारखी दिसू लागली. मशीनने ती आपणहून एका रेषेत आणली, एक बारीक ठिणगी पडली आणि काचेला काच चिकटली. भोवती पंधरा-वीस माणसं वाकून बघत होती. जेसीबीवालाही होता, सगळ्यात जास्त सल्ले त्याचेच.

‘‘किती वेळ लागन रे?’’

‘‘काकाजी, चोवीस तंतू हायेत. श्वास घेऊ द्या. आन् धूळ नोका उडवू.’’

पंधरा-वीस माणसं एकदम दोन पावलं मागे सरली. मोहगावात कोणाच्या सांगण्यावरून एवढी माणसं एकदम मागे सरलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

आमच्याकडे चौथी-पाचवी कंपनी का येत नाही, यावर चहाच्या टपरीवर नेहमी राजकीय चर्चा होते. खरं कारण हिशेबाचं आहे. गल्लीत केबल टाकायचा खर्च त्या गल्लीतल्या पाच घरांनी कनेक्शन घेतलं काय आणि पन्नास घरांनी घेतलं काय, जवळपास तेवढाच. पहिली कंपनी पन्नास घरांच्या आशेने खड्डा खणते. दुसरीला त्याच खड्ड्याएवढा खर्च करून पंचवीसच मिळणार. तिसरी शहाणी, ती खणतच नाही, पहिलीचा तंतू भाड्याने घेते. सरकारच्या मोठ्या योजनेकडे बघावं, तर 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्यासाठी. आमची पडली नगर परिषद. म्हणजे योजनेसाठी आम्ही शहर आणि कंपन्यांसाठी खेडं.

हे दुखणं श्रीमंत देशांनाही आहे, याचा थोडा आधार वाटतो. 2010 मध्ये गूगलने मोजक्या अमेरिकन गावांत अतिवेगवान फायबर टाकणार असं जाहीर केलं, तेव्हा अकराशेच्या आसपास गावांनी अर्ज केले. कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका हिने तर मार्च महिन्यापुरतं स्वतःचं नाव ‘गूगल’ असं ठेवून घेतलं. फायबर मिळालं ते दुसऱ्याच गावाला, कॅन्सस सिटीला. आमच्याकडे हा उपाय चालणार नाही. नाव बदलायला हरकत नाही, पण मग आधार, समग्र आयडी, सातबाऱ्यासारखा आमचा खसरा आणि बँकेचं पासबुक यांवर ते बदलून आणायला पुन्हा ऑनलाइनच्याच दुकानात जावं लागेल.

इंग्लंडमधल्या लँकेशरच्या शेतकऱ्यांनी 2011 मध्ये दुसरा मार्ग काढला. कंपन्या येईनात म्हणून त्यांनी स्वतःची संस्था काढली, आपापल्या शेतांतून फुकट वाट दिली, स्वतःच चर खणले आणि सेकंदाला एक गिगाबिटचं नेट घराघरांत नेलं. ही हकीकत मी टपरीवर सांगितली. सगळे गप्प झाले. मग एकाने विचारलं, ‘‘चर कोणाच्या धुऱ्यावरून नेला?’’ इथे एक हात धुऱ्यावरून सख्खे भाऊ सौसरच्या कोर्टात म्हातारे होतात. तिथे अख्खा चर, वर पुन्हा फुकट. लँकेशरचे शेतकरी फार थोर असले पाहिजेत, किंवा त्यांना भाऊ नसले पाहिजेत, असा निष्कर्ष निघून चर्चा कपाशीच्या भावाकडे वळली.

अशा सगळ्या वातावरणात यंदा दिवाळीच्या आधी चौथी कंपनी आली. रिक्षावर भोंगा, हातात पत्रकं, पहिला महिना फुकट. मोहल्ल्यात आनंद झाला. आता स्पर्धा होणार, दर पडणार, जुने तिघं सुतासारखे सरळ होणार, असं प्रत्येक ओट्यावर ठरलं. केबलवाला दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही. आम्ही पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. नवा निळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह, हँडलला केबलचं वेटोळं. तोच पोट्टा.

‘‘तू इकडे रे कसा?’’

‘‘तिकडे बी आहोच ना, काकाजी. टी-शर्ट गाडीत ठेवतो. ज्याची कंप्लेट त्याचा घालतो.’’

‘‘मंग ह्यांची तार कुठून आणता?’’

त्याने चौकातल्या खांबाकडे मान केली आणि शिडी लावली.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या निम्म्या घरांनी नव्या कंपनीचं कनेक्शन घेतलं होतं. समोरच्या मावशींनी तर जुनं चांगलं चालत असताना ते काढून नवं घेतलं. त्यात असं काय विशेष आहे, असं मी विचारलं. स्पीड त्यांनी पाहिलेला नव्हता, दर त्यांना माहीत नव्हता, कंपनीचं नावही त्यांना उच्चारता येत नव्हतं.

‘‘कंपनीचं काय करता, भाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पोट्टा ओळखीचा हाये ना.’’